सातवा प्रश्न

सदऱ्याच्या आतल्या खिशातून पट्टी निघाली. सहा इंची, पोलादी, कडेचे आकडे अंगठ्यानं झिजून पुसट झालेले. एमआरआय सेंटरच्या काउंटरवरच्या वर्षाराणीनं ती दोन बोटांत धरून वर उचलली, वर्गात बाईंनी एखाद्याच्या दप्तरातली गोटी सगळ्यांना दाखवावी तशी. "काका, हे काय?" अनुजाचे वडील आकाराम मिस्त्री, घरातले अण्णा, खुर्चीत डावा पाय लांब करून बसले होते. ते शांतपणे म्हणाले, "पट्टी हाय." "ते दिसतंय की मला. मघाशी इचारलं, खिशात लोखंडाचं काय हाय का, तर न्हाय म्हणालासा." "मग पट्टी काय खिशात ठेवलेली हाय व्हय? ती असतीयाच." वर्षाराणी हसली आणि तिनं पट्टी निळ्या ट्रेमध्ये टाकली. तिथं घड्याळ, किल्ल्यांचा जुडगा, पट्टा, मोबाइल आणि करदोट्यातली तांब्याची पेटी आधीच येऊन पडली होती. अनुजाही हसली. तिच्या कडेवरची आठ महिन्यांची प्रियदर्शनी, जिला आजोबा फोरमन म्हणायचे कारण ती आल्यापासून घरात सगळ्यांवर ओरडायची, ती त्या चकाकणाऱ्या पट्टीकडं झेपावली. आणि हसू ओठांवर असतानाच अनुजाला तो शब्द अडला. असतीयाच. म्हणजे जे रोज असतं ते अण्णांच्या लेखी नसतंच. एवढं मनात आलं, पोरीनं केस ओढले, आणि ते निसटून गेलं.

खरं तर पायाचं दुखणंही त्याच वाटेनं आलं होतं. चाळीस वर्षं उद्यमनगरात लेथवर उभे राहून अण्णा रिटायर झाले त्याला चार वर्षं झाली, पण सकाळी नऊला कळंब्याहून बस धरून गौसभाईंच्या वर्कशॉपात जायचे ते जायचेच. नुसतं बसायला जातो म्हणायचे. गौसभाई त्यांचे तरुणपणापासूनचे सोबती, शेजारच्या मशीनवरचे. तिथंच कधीतरी लोखंडाच्या किसाची एक वळी चपलेच्या तळातून वर आली आणि डाव्या अंगठ्याच्या बुडाशी रुतून बसली. दोन दिवस रुतून बसली. शुगरनं तळवे इतके बधिर झालेले की माणसाला पत्ता नाही. रविवारी अनुजा वारणानगरहून पोरीला घेऊन माहेरी आली, आणि दारातूनच तिला फरशीवर एका पायाचे तांबूस ठसे दिसले, स्वयंपाकघरापासून पलंगापर्यंत, पलंगापासून दारापर्यंत. त्या ठशांच्या शेवटाला अण्णा उभे होते, हात पसरून, नातीला घ्यायला, तोंडभर हसत. तो क्षण गेले चार दिवस तिच्या डोळ्यांपुढून हलत नव्हता. आई गेल्याला तीन वर्षं झाली. ती असती तर पहिला ठसा पुसतानाच तिनं जखम पाहिली असती. डॉक्टरांनी एक्स-रे काढला. पायात लोखंड उरलेलं नाही, ते बरं झालं, म्हणाले. पण हाडाची कड धूसर दिसतीय. जंतू हाडात किती शिरलाय ते एमआरआयमध्ये नीट कळेल, आणि अंगठा राखायचा की काढायचा ते त्यावर. "काढायचा तर काढा की," अण्णा म्हणाले, "धा हायत." डॉक्टर हसले. अनुजाला हसता आलं नाही.

त्या दिवसापासून पोरीला एका हातानं धरून, दुसऱ्या हातात मोबाइल, असं तिचं वाचन चाललं होतं. पायाचा स्कॅन असला की आधी पाय आत जातात, डोकं बहुतेक यंत्राच्या तोंडाशी राहतं. दुखत नाही. पाऊण तास पाय तसूभरही हलवायचा नाही, हलला की चित्र पुसट येतं आणि सगळं पुन्हा. आतून हातोडे पडल्यासारखा आवाज येतो, म्हणून कानांत बोळे देतात. जीव घाबरला तर दाबायला हातात रबरी फुगा देतात. रंगाचं इंजेक्शन द्यायचं झालं तर आधी मूत्रपिंडाचा रिपोर्ट बघतात, शुगरवाल्यांचा तर बघतातच. हे सगळं तिनं अण्णांना जेवताना वाचून दाखवलं. "हातोड्याचा आवाज?" अण्णा भाकरी मोडत म्हणाले, "मग झोपच लागंल मला. घरात लई शांतता असती." आणि मग, "तू इन्स्पेक्शनला पायजे हुतीस. एक माल पुढं जाऊ दिला नसतास." ते कौतुकच होतं, पण अनुजाला त्यात तिच्या नवऱ्याचा, आदर्शचा, आवाज ऐकू आला. तो म्हणायचा, तुझ्या डोक्यात प्रश्नांची गिरणी हाय, पीठ पडत न्हाय, नुसती फिरतीय. पोर झाल्यापासून तिनं तीनदा दवाखाना गाठला होता. एकदा पोरीचा श्वास मोठा वाटला म्हणून, एकदा ती फार वेळ झोपली म्हणून, एकदा कशासाठी ते आता आठवतही नव्हतं. तिन्ही वेळा डॉक्टरांनी तिच्याकडं पाहिलं होतं, पोरीकडं नाही, आणि ते पाहणं मऊ होतं. त्या मऊपणाची तिला भीती बसली होती. माणसाला वेडं ठरवायचं असलं की लोक आवाज खाली आणतात.

म्हणून फॉर्म भरताना ती मुद्दाम सरळ, कामाच्या आवाजात वाचत होती. मराठीत छापलेले बावीस प्रश्न. हृदयात पेसमेकर आहे का? "न्हाय." मेंदूचं ऑपरेशन झालं आहे का? "अजून न्हाय." कानात यंत्र? "न्हाय." शरीरात रॉड, स्क्रू, प्लेट? "न्हाय." पूर्वी कधी बंदुकीची गोळी? "बारा बोअरची का साधी?" "अण्णा." "न्हाय म्हणून लिव की." सातवा प्रश्न होता, धातूचं काम करताना आपल्या डोळ्यात कधी धातूचा कण गेला आहे का? "न्हाय," अण्णा म्हणाले, अगदी त्याच ठेक्यात, जॉब लेथच्या चकात धरून एकामागोमाग एक कापावेत तसे, आणि अनुजाच्या पेननं त्याच ठेक्यात नाहीच्या चौकोनात खूण केली. आठवा, नववा, दहावा. खाली रुग्णाची सही आणि माहिती भरणाऱ्याची सही. अण्णांनी आपली सही केली, 'आकाराम' मधला काना खाली ओढत नेऊन. तिनं आपली केली. आतून एक हडकुळा, चष्मेवाला मुलगा आला. त्यानं आपलं नाव तोहिद सांगितलं. तंत्रज्ञ तोच होता. "काका, आतला पेशंट निघायला पंधरा मिनिटं हायत. तवर गाऊन घालून आतल्या पॅसेजमधी बसू." अण्णा चाकाच्या खुर्चीत बसले, नातीच्या नाकाला बोट लावलं, "फोरमन, शेड सांभाळा," म्हणाले आणि गेले. दार आपोआप, मऊ आवाज करत मिटलं.

बाहेर राजारामपुरीतली दुपार काचेवर तापत होती. बाकावर सातआठ माणसं, प्रत्येकाच्या मांडीवर मोठं पांढरं पाकीट. पोर कुरकुरायला लागली, मग मुठी चोखायला लागली, मग फोरमनच्या सुरात उतरली. अनुजानं कोपऱ्यातली खांबाआडची खुर्ची पाहिली, भिंतीकडं तोंड केलं, ओढणी ओढून घेतली. पोरीचं तोंड लागलं आणि काही क्षण नुसतं ओढणं, कोरडं, रागाचं. आणि मग तो झिणझिणता, छातीच्या आतून सुया सरकत याव्यात तसा पान्हा. दुसऱ्या बाजूनंही दूध आलं आणि ब्लाउजवर गरम पसरलं. त्याला वास होता, गोडसर, जरासा धातूसारखा. घाईघाईनं तिनं तळवा तिथं दाबून धरला. तळव्याला दूध लागलं. कोमट. आणि तळव्यानं ते आधी ओळखलं, तिला स्वतःला कळायच्या आधी: हे असंच, याच तळव्यात, वाटीच्या बुडातून आलेलं कोमटपण. वाटी स्टीलची होती, देवाला नैवेद्य दाखवायची, सगळ्यात लहान. ती सात वर्षांची होती. तेव्हा ते उद्यमनगरामागच्या गल्लीत दोन खोल्यांत राहायचे आणि गौसभाई समोरच. अण्णा दुपारीच घरी आले होते, हेच विपरीत. उजव्या डोळ्यावर ओला रुमाल, आणि मागं गौसभाई, हातात त्यांचं ते फुटक्या स्पीकरमधून काढलेलं वाटोळं चुंबक. ते चुंबक गल्लीतल्या पोरांना ठाऊक होतं. शेडमध्ये कुणाच्या डोळ्यात कीस गेला की तो गौसभाईंच्या गुडघ्यावर मान टाकायचा, गौसभाई काडीपेटीच्या काडीवर पापणी उलटी करायचे, चुंबक जवळ न्यायचे आणि श्वास रोखायचे. टिक असा आवाज व्हायचा, किंवा व्हायचा असं सगळे सांगायचे. मग तो काळा कण त्या माणसाच्या हातावर ठेवून म्हणायचे, हा घे तुझा माल. डबा पोचवायला गेली की तिनं अण्णांना कितीदा तरी तसं मान टाकलेलं पाहिलं होतं, आणि ते तिला केस कापून घेण्याइतकं साधं वाटायचं. पण त्या दुपारी गौसभाई दारातच उभे राहून आईला म्हणाले, वैनी, आज न्हाय आलं. आईनं त्यांच्याकडं पाहिलं, मग फळीवरची वाटी काढून अनुजाच्या हातात दिली. खतिजाभाभीकडं जा. म्हणावं, अण्णांच्या डोळ्यात घालायला अंगावरचं दूध पायजे.

खतिजाभाभी, गौसभाईंची बायको, दोन महिन्यांची ओली बाळंतीण होती. काही विचारलं नाही तिनं. भिंतीकडं तोंड करून बसली, खांद्यांच्या हालचाली तेवढ्या दिसल्या, आणि वाटी परत आली तेव्हा तळाशी चमचाभरसुद्धा नसेल एवढं दूध होतं, पातळ, निळसर. "सांडू नगंस बाळ. अल्ताफच्या वाटचं हाय." गल्ली ओलांडायला दहा पावलं, ती दहा पावलं अनुजाच्या आयुष्यातली सगळ्यात लांब वाट होती. डोळे वाटीत, कोमट बूड तळव्यावर, आणि आपण अडखळलो तर अण्णांचा डोळा जाईल, अशी खात्री. आज जी भीती तिच्या अंगात कायमची वस्तीला होती, पोरीला कडेवर घेऊन जिना उतरताना, गरम चहाचा कप पोरीवरून पलीकडं देताना, ती तिथंच, त्या दहा पावलांत पहिल्यांदा घरात आली असावी. दूध सांडलं नाही. आईनं कापसाच्या वातीनं ते थेंब थेंब डोळ्यात सोडलं. अण्णा पाय आखडून घेत होते आणि तरी म्हणत होते, "झालं, आता मी गौसचा ल्योकच झालो की." सगळे हसले. चार दिवस डोळा टोमॅटोसारखा लाल राहिला, वर हिरवी पट्टी, मग लाली उतरली. सगळ्यांनी खतिजाभाभीच्या दुधाला हात जोडले. विषय संपला. आणि आता, एकवीस वर्षांनी, भिंतीकडं तोंड करून, तशीच खांदे वाकवून बसलेल्या अनुजाच्या मनात एक अगदी साधा प्रश्न आला, जो तेव्हा गल्लीतल्या एकाही मोठ्या माणसाला पडला नव्हता. लोखंड गेलं कुठं?

ती लगेच उठली नाही. हे तिला नंतर पुष्कळ दिवस टोचणार होतं. दोन मिनिटं, कदाचित तीन, ती तिथंच बसून राहिली, कारण तिला तो मऊ आवाज आधीच ऐकू येत होता: ताई, पायाचा स्कॅन आहे. आणि स्कॅन थांबला तर पुढचा नंबर सोमवारशिवाय नाही. तोवर अंगठ्यातला जंतू आपलं काम करत राहणार. आणि त्या उशिरानं अंगठा गेला तर तो तिनं घालवला. एकीकडं दिसणारी, वास मारणारी जखम, डॉक्टरांनी लिहून दिलेली. दुसरीकडं सात वर्षांच्या पोरीला आठवणारी एक वाटी. कुणाला विचारावं तर आई नाही. डॉक्टरपुढं अण्णांच्या वतीनं आईच बोलायची. अण्णा न्हाय म्हणाले की मागून म्हणायची, तसं न्हाय ओ डॉक्टर. ते वाक्य आता घरात कुणाकडंच नव्हतं. तिनं पोरीला छातीपासून सोडवलं. पोरीला हे मुळीच पटलं नाही. तिनं अख्ख्या बाकाला ते सांगितलं. ओरडणारं पोर खांद्यावर, ओढणी वाकडी, ब्लाउज ओला, अशी अनुजा काउंटरशी गेली आणि म्हणाली, "माझा फॉर्म परत द्या. सातवं उत्तर चुकलंय."

"ताई, पायाचा स्कॅन हाय काकांचा," वर्षाराणी म्हणाली. आवाज मऊ होता. "माहितीय. आतल्या माणसाला बोलवा. आत्ता." अनुजाचा आवाज मऊ नव्हता, तो कुठून आला तिलाच कळलं नाही. तोहिद बाहेर आला, हातात स्पंजचे पिवळे बोळे. तिनं एका दमात सांगितलं, लेथ, चुंबक, वाटी, दूध. सांगताना तिला ते वेड्यासारखंच वाटत होतं. पण तोहिद हसला नाही. बोळे खिशात टाकले. "ताई, बरं झालं," तो म्हणाला, आणि मग हळू, "आतलं चुंबक बंद करत न्हाईत. स्कॅन चालू असू दे नसू दे, ते चालूच असतं. पाय बघायचा असला तरी माणूस सगळाच खोलीत येतोय. आणि डोळ्यातला कण त्यानं हलला तर..." पुढचं त्यानं दोन बोटांत, हवेत, अगदी बारीक अंतर दाखवून सांगितलं: एवढं हललं तरी डोळ्याला धोका. दार उघडं धरून त्यानं आत बोलावलं. पॅसेजच्या टोकाला अण्णा खुर्चीत बसले होते, निळ्या गाऊनमध्ये, पिंढऱ्या उघड्या, शाळेच्या स्नेहसंमेलनात भलतंच सोंग मिळालेल्या पोरासारखे. त्यांच्यापासून चार हातांवर चुंबकाच्या खोलीचं ते जाड दार होतं.

"काय झालं? फोरमन का वरडाय लागलेत?"

"अण्णा, डोळ्यात कीस गेलेला का न्हाय तुमच्या?"

"आगं, ते काय गेलेलं हाय व्हय? गेलं आणि काढलं. काढलेलं कशाला लिवायचं?"

तोहिद खाली उकिडवा बसला. "काका, किती येळा काढलं असंल?"

"तू दाढी किती येळा केलीस आजवर, सांग बघू."

"काका, इथं ते सांगावं लागतंय."

अण्णांनी एकदा त्या दाराकडं, एकदा तोहिदकडं पाहिलं. "हे बघ बाळ. आमच्या शेडमधी कागद आला की न्हाय लिवायचं. इजा? न्हाय. तक्रार? न्हाय. व्हय लिवलं की दुसऱ्या दिवशी माणूस मशीनीवरनं खाली. चाळीस वर्सं मी कुठल्या कागदावर व्हय लिवलेलं न्हाय. आणि आता पायासाठी आलोय तर डोळ्याचं कशाला उकरून काढायचं?"

"आणि खतिजाभाभीचं दूध घातलं, ते?" अनुजा म्हणाली.

अण्णांची मान तिच्याकडं वळली.  पोरीनं तोंडात मूठ घातली. "तुला ठावं हाय ते?"

"वाटी मीच आणलीती."

"तूच आणलीतीस व्हय," ते म्हणाले, आणि त्यांचा चेहरा एकदम घरच्यासारखा झाला, गाऊन असूनही. "एवढीशी हुतीस गं." मग थोडं अवघडून, "तवा बी गौसनं काढलंच असंल मागनं."

तिनं गौसभाईंना फोन लावला आणि आवाज मोठा केला. मागून लेथची घरघर आली. "बोल अनू बेटा. झालं का त्येचं? मशीन बिघडवलं न्हाय न्हवं?" तिनं विचारलं. त्या दुपारचं, अल्ताफ दोन महिन्यांचा असतानाचं, अण्णांच्या उजव्या डोळ्यातलं, ते पुढं निघालं का? पलीकडं कुणाला तरी मशीन बंद कर म्हणाल्याचं ऐकू आलं. घरघर थांबली. "त्यो व्हय," गौसभाई म्हणाले. "त्यो न्हाय निघाला. मी तीनदा बघितलं. चुंबकाला याचंच न्हाय. म्हटलं, दुधानं गेला असंल वाहून." मग त्यांनीच विचारलं, "का गं? काय झालं त्येला?" "काय न्हाय चाचा. अजून काय झालं न्हाय." "आक्या हाय का तिथं? त्येला म्हणावं, सांग की भाड्या खरं काय ते." "ऐकतोय मी," अण्णा म्हणाले.

मग सगळं पटापट झालं. रिपोर्ट बघणाऱ्या मॅडम आल्या, पांढऱ्या केसांच्या, कमी बोलणाऱ्या. डोळ्यांचे दोन एक्स-रे काढायला सांगितले, एक वर बघताना, एक खाली बघताना. अण्णा शेजारच्या खोलीत गेले आणि परत आले. मॅडमनी दोन्ही चित्रं पडद्यावर शेजारी शेजारी लावली. अनुजा दारात उभी होती, पोर खांद्यावर झोपलेली. कवटीचा तो राखाडी प्रकाश पाहून तिला आधी वाटलं, हे कुणी परकंच आहे. मग जबड्याचा कोन ओळखीचा निघाला, फोरमनचाही तोच. उजव्या खोबणीत पांढरा ठिपका होता. तांदळाच्या कणीहून लहान. "हा बघा," मॅडम म्हणाल्या, "वर बघितलं तेव्हा इथं. खाली बघितलं तेव्हा इथं. डोळ्याबरोबर फिरतोय. म्हणजे बुबुळाच्या मागं, गोळ्याच्या आतच आहे. एमआरआय नाही करायचा. आज नाही, कधीच नाही, हा निघेपर्यंत." अण्णा पुढं वाकून बघत होते, एक डोळा मिटून, मापाला बघावं तसे. "अर्धा मिलिमीटर बी न्हाय," ते अखेर म्हणाले. "एकवीस वर्सं ऱ्हातोय लेकाचा, आवाज न्हाय काय न्हाय." कुणीच हसलं नाही. मग वेगळ्याच आवाजात त्यांनी विचारलं, "आत गेलो असतो तर गेला असता डोळा?" मॅडम म्हणाल्या, "सांगता येत नाही. काहींना काही होत नाही. काहींचा जातो." "आणि अंगठा?" हे अनुजानं विचारलं. मॅडमनी तिथूनच पायाच्या डॉक्टरांना फोन केला. पायाचा सी.टी. आत्ताच इथं करू, त्यात चुंबक नसतं; मग ते हाडाचा बारीक तुकडा काढून तपासायला पाठवतील, आणि अंगठ्याचं त्यावर ठरवतील. वाट बंद झालेली नाही, जरा वळण पडलं. डोळ्याच्या डॉक्टरांना संध्याकाळपर्यंत दाखवा.

अनुजा बाहेरच्या बाकावर येऊन बसली. वर्षाराणीनं पाण्याचा ग्लास आणून ठेवला. तोहिद काउंटरमागं उभा राहून स्वतःही पाणी पीत होता. त्यानं खिशातले पिवळे बोळे काढून त्यांच्याकडं पाहिलं आणि परत खिशात ठेवले. "मी कानांत घालायलाच निघालो हुतो," तो वर्षाराणीला म्हणाला, पण ते अनुजाला ऐकू आलं. अण्णांनी आपली खुर्ची स्वतःच चाकं ढकलत तिच्याशेजारी आणली आणि झोपलेली पोर तिच्या खांद्यावरून अलगद उतरवून आपल्या मांडीवर घेतली. अशा वेळी त्यांचे हात, ते जाड, काळ्या रेषा कायमच्या बसलेले हात, पाण्यातून चालल्यासारखे हळू व्हायचे. "नाहीवर खूण मीच केली अण्णा," ती म्हणाली. "माझ्या हातानं. सहीसकट. तुम्ही न्हाय म्हणालासा आणि मी नुसती पुढं गेले." "तू केलीस ते मी सांगितलं म्हणून." "मी इतकं वाचलं. सगळं वाचलं. आणि नेमकं तेवढंच..." "गप," अण्णा म्हणाले. "तुझी आई असती तर तिनं तिथंच टोकलं असतं मला. तू धा मिनिटं उशिरा टोकलंस. तू तिच्यापेक्षा लहान हाईस." ती रडत हसली, किंवा हसत रडली, आणि ओढणीनं नाक पुसलं. अण्णा पोरीच्या पापण्यांकडं बघत होते. मिटलेल्या पापण्यांखाली बुबुळं हलत होती, स्वप्नात काहीतरी धावत होतं. त्यांनी आपलं बोट त्या पापणीच्या जवळ नेलं, लावलं नाही, आणि मागं घेतलं.

सी.टी.ला अजून अवकाश होता. समोरच्या बाकावर पन्नाशीचा एक माणूस गुडघ्याला क्रेपचा पट्टा बांधून बसला होता आणि मांडीवरच्या पाकिटावर फॉर्म ठेवून भरत होता. त्याच्या दोन्ही हातांवर, मनगटापासून कोपरापर्यंत, ठिणग्यांचे बारीक काळे डाग होते, तिळासारखे. अनुजाला ते दिसले. पण तिच्याही आधी अण्णांना दिसले होते, हे तिला त्यांच्या पुढं झुकलेल्या मानेवरून कळलं. ती मान तिनं आरशात पाहिली होती, स्वतःची, पोरीच्या पाळण्यावर वाकलेली.

"पावणं," अण्णा म्हणाले, त्यांच्या नेहमीच्या, शेडभर ऐकू जाणाऱ्या आवाजात. "कुठलं म्हणायचं?"

"कागल."

"कामाला?"

"फौंड्रीत. ग्राइंडरवर असतोय."

"किती वर्सं?"

"बावीस झाली की."

अण्णांनी पोरीला एका हातात सांभाळली आणि दुसऱ्या हातानं चाक ढकलत खुर्ची पार त्याच्या गुडघ्याला लागेल एवढी पुढं नेली. वर्षाराणीनं मान वर केली. तोहिद थांबला.

"सातव्याला काय लिवलंसा?"

माणसानं फॉर्मवर बोट फिरवत सातवा शोधला. "न्हाय म्हणून लिवलंय. का ओ? माझं गुडघ्याचं हाय."

"माझं पायाचं हुतं," अण्णा म्हणाले. "तुमच्यात डोळ्यातला कीस कोण काढतंय?"

माणूस अण्णांकडं बघत राहिला, मग त्यांच्या मांडीवरच्या पोरीकडं, मग पुन्हा फॉर्मकडं. अनुजा उठून काउंटरशी गेली होती आणि वर्षाराणीनं न मागताच एक कोरा फॉर्म तिच्यापुढं सरकवला होता, तेव्हा मागून त्याचं उत्तर आलं, सावकाश, जरा अभिमानानंच.

"हाय एक विजयसिंह म्हणून. हात लई हलका हाय त्येचा."